करवतीचे दाते आणि न दिसणारी धूळ

गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान प्रयोगशाळेच्या कोठीखोलीत एक आडभिंत घालावयाची होती. विटांची भिंत जड पडेल म्हणून तंतुमिश्रित सिमेंटचे तक्ते, म्हणजे ज्याला बाजारात फायबर सिमेंट बोर्ड म्हणतात ते, आणले होते. भिंतीसाठी ८ मिलिमीटर जाडीचे तक्ते आणि दाराच्या चौकटीभोवती बसवण्यासाठी २० मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या. मिस्त्रींबरोबर त्यांचा भाचा मदतीला होता. मुलगा नुकताच दहावीची परीक्षा देऊन आलेला. मिस्त्रींनी फरशी कापण्याचे मार्बल कटर लावले आणि क्षणात खोली पांढऱ्या धुराने भरावी तशी धुळीने भरली. मुलाने तोंडाला रुमाल बांधला होता.

"सर, पाच मिनिटे बाहेर थांबा. धूळ बसली की आत या," मिस्त्री म्हणाले.

पाच मिनिटांनी आत गेलो. खोली स्वच्छ दिसत होती. पण पश्चिमेच्या झरोक्यातून एक कवडसा आत येत होता आणि त्यात असंख्य कण संथपणे तरंगत होते. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिले, तरी ते होतेच. म्हणजे धूळ 'बसली' होती ती जाड. बारीक धूळ अजून हवेतच होती. आणि विद्यार्थी मित्रहो, या दोहोंपैकी धोकादायक आहे ती नेमकी न बसलेली!

कोणते हत्यार वापरावे, हा प्रश्न वरवर पाहता सुतारकामाचा वाटतो. पण त्याचे उत्तर तुमच्या शालेय गणिताने आणि थोड्या पदार्थविज्ञानाने काढता येते. ते कसे, हे आज पाहू या.

तक्ता कशाचा असतो?

ऑस्ट्रियातील लुडविग हॅट्शेक या कारखानदाराने १९०० च्या सुमारास या तक्त्यांची रीत शोधून काढली. कागद बनवण्याच्या यंत्रासारख्या यंत्रावर सिमेंट आणि तंतू यांच्या पातळ लगद्याचे थर एकावर एक गुंडाळावयाचे, ही ती रीत. त्या काळी तंतू असत ॲस्बेस्टॉस या खनिजाचे. हे तंतू फुफ्फुसात गेल्यास कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात ती २००३ च्या अखेरीस आली, तर युरोपीय संघात २००५ साली. नव्या तक्त्यांत ॲस्बेस्टॉसऐवजी लाकडाच्या लगद्याचे, म्हणजे सेल्युलोजचे तंतू घालतात. बाकी असते सिमेंट आणि बारीक दळलेली वाळू.

ही वाळू म्हणजे क्वार्ट्झ, आपली ओळखीची गारगोटी. रासायनिक दृष्ट्या ती स्फटिकरूप सिलिका होय. काठिण्याच्या मोह्स श्रेणीत तिचा क्रमांक ७ आहे. लाकूड कापण्याच्या साध्या पोलादी करवतीचे दाते तिच्यापुढे लवकरच बोथट होतात. बोथट दाता कापत नाही, तो घासतो. आणि घासल्याने पीठ होते. म्हणून या कामाला टंगस्टन कार्बाइडचे किंवा त्याहून कठीण अशा हिऱ्याच्या कणांचे दाते लागतात. हिऱ्याचा क्रमांक १०. पण केवळ दाता कठीण असून भागत नाही. दाते किती, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

दात्यामागे किती माल?

समजा, १८४ मिलिमीटर व्यासाची गोल करवत मिनिटाला ५००० फेरे घेते आणि आपण ती तक्त्यात मिनिटाला २ मीटर या वेगाने पुढे सरकवतो. मिनिटाला २ मीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मिलिमीटर. करवतीचे फेरे सेकंदाला सुमारे ८३. पात्याला ४० दाते असतील तर सेकंदाला ८३ × ४०, म्हणजे सुमारे ३,३०० दाते एका जागेवरून जातील. ३३ मिलिमीटर माल इतक्या दात्यांनी वाटून घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन जाडीची ढलपी येते. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.)

आता त्याच यंत्राला ४ दात्यांचे पाते लावा. प्रत्येक दात्याच्या वाट्याला दहापट, म्हणजे १०० मायक्रॉन माल येतो.

मार्बल कटरच्या चकतीला तर दातेच नसतात. तिच्या कडेवर हिऱ्याचे असंख्य कण बसवलेले असतात. ती मिनिटाला सुमारे १२,००० फेरे घेते. एका रेषेत केवळ ५० कण कापत आहेत असे धरले, तरी सरकण्याचा वेग तोच ठेवल्यास प्रत्येक कणाच्या वाट्याला जेमतेम ३ मायक्रॉन माल येतो. याला कापणे म्हणण्यापेक्षा दळणे म्हणणेच योग्य.

सिमेंट ठिसूळ असल्याने ढलपी अखंड राहत नाही, तिचे तुकडे होतात. तेव्हा धुळीचा प्रत्येक कण या हिशोबाबरहुकूम निघणार नाही. बारीक धूळ थोडी तरी निघणारच. पण कल कोणत्या बाजूला आहे, हे स्पष्ट होते: दाते जास्त आणि फेरे जास्त, तर धूळ बारीक. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. यंत्र फार जपून, हळूहळू सरकवले तरीही ढलपी पातळच होते. येथे अति सावधपणा कामाचा नाही.

यात शक्तीचाही अपव्यय आहे. १ घन सेंटिमीटरचा ठोकळा घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे १०० मायक्रॉनचे घन पाडले तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर होते आणि १० मायक्रॉनचे पाडले तर ६,०००. दळण्यास लागणारी ऊर्जा नव्याने निर्माण होणाऱ्या पृष्ठफळाच्या प्रमाणात असते, असा नियम रिटिंगर यांनी १८६७ साली मांडला. म्हणजे बारीक दात्यांच्या पात्याने आपण विजेचे पैसे देऊन धूळच विकत घेतो!

मग एकच दाता का नको? कारण मग प्रत्येक दात्यावर फार मोठा आघात होईल, तक्त्याच्या कडेचे टवके उडतील आणि यंत्र थरथरेल. म्हणून या कामासाठी मिळणाऱ्या हिरेजडित पात्यांना बहुधा ४ ते ८ दाते असतात.

धूळ बसते केव्हा?

हवेतून पडणाऱ्या लहान गोलाचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, हे स्टोक्स यांनी १८५१ साली दाखवले. क्वार्ट्झची घनता आणि हवेची श्यानता यांचे आकडे घातले तर ५० मायक्रॉन व्यासाचा कण सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर वेगाने पडतो. नाकाच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून, जमिनीवर यायला त्याला ७ ते ८ सेकंद लागतात.

आता २ मायक्रॉनचा कण घ्या. व्यास २५ पटींनी कमी, म्हणून वेग २५ × २५ = ६२५ पटींनी कमी. त्याला तेच अंतर पडायला सव्वा तासाहून अधिक वेळ लागेल. १ मायक्रॉनच्या कणाला पाच तासांवर. हेही हवा अगदी स्थिर असेल तर. कोणी नुसते खोलीतून चालले तरी तो पुन्हा वर उचलला जातो. आमच्या कवडशातील कण का बसत नव्हते, हे आता समजेल.

जाड कण नाकात आणि घशात अडकतात. शिंकेबरोबर, कफाबरोबर बाहेर पडतात. सुमारे ४ मायक्रॉन व त्याखालचे कण मात्र फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत जातात. तेथील भक्षक पेशी सिलिकाचा कण गिळतात, पण तो पचवू शकत नाहीत. त्या स्वतःच मरतात. मग त्या जागी कठीण तंतुमय गाठ बनते. अशा गाठी वाढत गेल्या की फुफ्फुस कडक होते आणि माणसाला धाप लागते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. गाठी नाहीशा करणारे औषध नाही. शिवाय स्फटिकरूप सिलिकाची धूळ कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली दिला आहे.

ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. पाटीवर लिहिण्याची दगडी पेन्सिल तुमच्यापैकी अनेकांनी हातात धरली असेल. मध्य प्रदेशातील मंदसौर भागात या पेन्सिली बनत. यांत्रिक करवतीने दगड कापताना उडणाऱ्या धुळीने तेथील कित्येक कामगारांना ऐन तारुण्यात सिलिकोसिसने गाठले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यांची तपासणी करून हे उघडकीस आणले.

एका मीटरची किंमत

आता थोडा हिशोब. ८ मिलिमीटर जाडीचा तक्ता १ मीटर लांब कापला आणि चीर २ मिलिमीटर रुंद पडली, तर १६ घन सेंटिमीटर मालाची धूळ होते. घनता १.४ धरल्यास वजन सुमारे २२ ग्रॅम. समजा, यातील शंभरावा भागच अतिबारीक आहे, म्हणजे सुमारे ०.२ ग्रॅम, आणि त्याचा चौथा हिस्सा सिलिका आहे. म्हणजे ०.०५ ग्रॅम, अर्थात ५०,००० मायक्रोग्रॅम.

अमेरिकेच्या २०१६ च्या नियमाप्रमाणे कामगाराच्या श्वासातील हवेत आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सिलिका असता कामा नये. आपली ५०,००० मायक्रोग्रॅम धूळ १,००० घनमीटर हवेला या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. ८ × ६ × ३.५ मीटरच्या वर्गखोलीत १६८ घनमीटर हवा असते. म्हणजे सहा वर्गखोल्या! आणि हे सारे एका मीटरच्या कापात.

मग हत्यार कोणते निवडावे?

नियम सोपा आहे: जे काम कमीत कमी धुळीत होईल, ते हत्यार पहिले.

१. पातळ तक्ता, सरळ रेषा: टंगस्टन कार्बाइडच्या टोकाची सुरी घ्या. लोखंडी पट्टी लावून जाडीच्या सुमारे एकतृतीयांश खोल खाच पाडा. खाच वरच्या बाजूस ठेवून टेबलाच्या कडेवर तक्ता दाबला की तो त्या रेषेत मोडतो. ताण खाचेच्या टोकाशी एकवटतो आणि तडा तेथूनच धावतो. तड्यांमुळे काच अपेक्षेपेक्षा लवकर का मोडते, याचा खुलासा ग्रिफिथ यांनी १९२१ साली केला, त्याचाच हा उपयोग. येथे वीजही लागत नाही आणि धूळ नाममात्र निघते.

२. पातळ तक्ता, पुष्कळ काप: कात्रीसारखे कापणारे विजेचे यंत्र. तेही धूळ फारशी करीत नाही.

३. गोलाई किंवा भोके: कार्बाइडचे पाते लावलेली जिगसॉ. तिचे पाते वरखाली हलते. काम सावकाश होते, पण धूळ दूरवर फेकली जात नाही.

४. जाड पट्ट्या: २० मिलिमीटरची पट्टी सुरीने मोडत नाही, कात्रीत मावत नाही. येथे गोल करवत हवीच. पाते ४ ते ८ दात्यांचे, त्यावर आवरण आणि आवरणाला जोडलेले धूळशोषक यंत्र. कण हवेत पसरण्याआधीच ओढून घ्यावयाचे; पसरल्यावर ते आपल्या हाती राहत नाहीत. शोषकाची गाळणी साधी नको, नाहीतर बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते. वर सांगितलेल्या अमेरिकन नियमात हे तक्ते कापणाऱ्या हातकरवतीसाठी मुद्दाम कलम आहे: पाते ८ इंचांपर्यंतचे, काम फक्त उघड्यावर, शोषकाची गाळणी ९९ टक्के धूळ अडवणारी.

मार्बल कटर या यादीत नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. त्यावर पाणी सोडले तर धूळ दबते हे खरे. पण विजेचे यंत्र आणि पाणी यांची गाठ धोक्याची असते. त्यासाठीच बनवलेल्या यंत्राखेरीज हा प्रयोग करू नये.

रुमाल बारीक धूळ अडवत नाही. नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मुखवटा हवा. काम वाऱ्याकडे पाठ करून, बाहेर करावे. जमीन कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आणि एक ताकीद: जुन्या छपरांवरचे सिमेंटचे पत्रे पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचे असतात. नुसत्या डोळ्यांनी ते खात्रीने ओळखता येत नाहीत. ते कापू नका, फोडू नका, घासू नका.

त्या दिवशी मी मिस्त्रींना आणि त्यांच्या भाच्याला कवडशापाशी उभे केले आणि हा हिशोब फळ्यावर मांडला. "सर, वीस वर्षे हेच करतोय, कुणी सांगितले नाही," मिस्त्री म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुरी आणली. ८ मिलिमीटरचे सर्व तक्ते मुलानेच खाच पाडून मोडले. जाड पट्ट्या अंगणात, भाड्याने आणलेल्या करवतीने आणि शोषकाने कापल्या. काम एक दिवस लांबले, एवढेच.

करून पाहा

रात्री खोलीत अंधार करून टॉर्चचा झोत आडवा सोडा. खडूचे डस्टर झोतापासून दूर धरून एकदाच हलके आपटा. झोतात कण किती वेळ दिसतात, ते घड्याळ लावून नोंदवा. हा प्रयोग सिमेंटच्या धुळीने मुळीच करू नये.

सोडवा

१. मिनिटाला ५००० फेरे घेणारे ८ दात्यांचे पाते मिनिटाला १ मीटर वेगाने सरकवले, तर ढलपीची जाडी किती?

२. ५० मायक्रॉनचा कण ७.५ सेकंदांत खाली येतो. ५ मायक्रॉनच्या कणाला किती वेळ लागेल?