कातीव पेनाची योग्य किंमत

लग्नसराईच्या दिवसांत भांड्यांच्या दुकानापाशी बसून ताट-वाट्यांवर नावे घालून देणारा कारागीर महाराष्ट्रातील प्रत्येक बाजारपेठेला परिचित आहे. त्याच व्यवसायाने आता नवे रूप घेतले आहे. नावांच्या पाट्या, स्मृतिचिन्हे व सत्काराच्या वस्तू यांवर यंत्राच्या साहाय्याने अक्षरे कोरून देणारी दुकाने तालुक्याच्या गावीही दिसू लागली आहेत. शिक्षकांचा निवृत्तिसमारंभ असो वा ग्रामपंचायतीने केलेला गुणवंतांचा गौरव असो, शाल व श्रीफळ यांच्या जोडीला नाव कोरलेले लाकडी पेन देण्याची पद्धत रूढ होत आहे.

अशा पेनामागे दोन व्यक्तींचे श्रम असतात. एक कातारी, म्हणजे लेथवर लाकूड कातणारा कारागीर. दुसरा कोरीवकाम करणारा. ग्राहकाला बहुधा दुसराच भेटतो. त्यामुळे किंमत ठरविताना पहिल्याच्या श्रमांचा विसर पडतो. हा विसर टाळावयाचा, तर पेन कसे तयार होते व त्याचा हिशेब कसा मांडावा हे खरेदी करणाऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

वर्ध्याशी जुळलेला धागा

लेथवर पेन घडविण्याची कला आपल्या देशात नवी नाही. आंध्रातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी १९३० नंतरच्या दशकात एबोनाइट, म्हणजे कठीण केलेले रबर, कातून पेने तयार केली. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या व वर्धा येथून कार्य करणाऱ्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत असे एक पेन गांधीजींकडे पोचले. परदेशी पेनांना ते चांगला पर्याय ठरेल, असा अभिप्राय त्यांनी १९३५ मध्ये पत्राने कळविला. पेन वापरून पाहून मगच त्यांनी मत दिले, ही गोष्ट आजच्या खरेदीदारानेही ध्यानी ठेवण्यासारखी आहे. महाराष्ट्रात सावंतवाडीची लाकडी खेळणी व त्यांवरील लाखेचे काम प्रसिद्ध आहे. लेथवर हात बसलेल्या कारागिरास पेनाचे काम शिकणे अवघड नसते.

निवड करताना

लाकडी पेन करताना प्रथम लाकडाचा लहान चौकोनी तुकडा कापतात. त्यात आरपार भोक पाडून पितळी नळी चिकटवितात. तुकडा लेथवर चढवून पटाशीने गोल करतात, पॉलिश कागदाने घासतात आणि लाख वा अन्य लेप देतात. शेवटी टोक, पकड व फिरकी हे धातूचे भाग दाबून बसवितात. हे भाग बहुधा तयार आणलेले असतात. म्हणून ‘हाताने केलेले’ या शब्दांचा अर्थ विक्रेत्याने स्पष्ट सांगावा. लाकडी अंग हाताने कातलेले आहे आणि यंत्रणा तयार घेतलेली आहे, असे सांगण्यात कमीपणा नाही.

लाकूड पुरेसे वाळलेले असणे ही पहिली कसोटी होय. ओले लाकूड पुढे आकसते. आतील पितळी नळी मात्र आकसत नाही. परिणामी काही महिन्यांनी पेनाला तडा जातो. दुसरी कसोटी रंगाची. शिसव दिसायला देखणे असले तरी गडद असते. लेसर यंत्राने त्यावर जाळून काढलेली अक्षरे उठून दिसत नाहीत. फणस किंवा शिवण यांसारख्या फिकट लाकडावर ती स्वच्छ वाचता येतात. शिवाय शिसवाचा समावेश असलेला ‘डाल्बर्जिया’ हा वृक्षगण जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण-सूचीत आहे. तेव्हा माल परदेशी पाठवावयाचा असल्यास नियम आधी पाहावेत. लाकूड खरेदीची पावती तर नेहमीच जपून ठेवावी.

तिसरी कसोटी आकाराची. मध्ये फुगीर असलेल्या पेनावर अक्षरे वाकडी वा अस्पष्ट उमटण्याचा संभव असतो. सरळ अंगाच्या पेनावर काम सुबक होते. चौथी कसोटी रिफिलची. ती गावच्या दुकानात मिळत नसेल, तर कितीही सुंदर पेन अखेर कपाटात पडून राहते. मोठी मागणी नोंदविण्यापूर्वी दोन-तीन नमुने घेऊन, त्यांवर नाव कोरून व काही दिवस लिहून पाहावे.

हिशेबाची मांडणी

पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्यक्ष दर स्थानिक बाजारानुसार ठरवावेत.

एका पेनास लाकूड २० रुपये, धातूचे भाग १२० रुपये, चिकटद्रव्य, पॉलिश कागद व लाख १५ रुपये, वीज व हत्यारांची झीज १० रुपये, असे १६५ रुपये होतात. कुशल काताऱ्याची आठ तासांची मजुरी ८०० रुपये धरल्यास तासाला १०० रुपये पडतात. एका पेनास ४५ मिनिटे लागली, तर मजुरी ७५ रुपये होते. एकूण २४० रुपये झाले. परंतु कातताना लाकूड फुटते. २५ पेनांमागे एक वाया जात असेल, तर २५ पेनांचा ६,००० रुपये खर्च २४ चांगल्या पेनांवर पडतो. म्हणजे प्रत्येकी २५० रुपये. त्यावर कार्यशाळेसाठी ५० रुपये वाढावा धरून कातारी ३०० रुपयांस पेन देईल.

कोरीवकाम करणारा नावाची जुळणी व मजुरी २६ रुपये आणि यंत्र व वीज १० रुपये मिळवितो. बेरीज ३३६ रुपये होते. त्याच्याकडेही २५ पैकी एक पेन बिघडते असे मानल्यास हा खर्च ३५० रुपयांवर जातो. पेटी ४० रुपये आणि दुकानभाडे व नफा ६० रुपये धरून विक्रीची किंमत ४५० रुपये येते. लागू असलेला कर त्यावर वेगळा दाखवावा.

पन्नास रुपयांचा प्रश्न

आता ग्राहकाने ‘४०० रुपयांत द्या’ असा आग्रह धरला, तर हे ५० रुपये कोठून यावयाचे? धातूच्या भागांचा व्यापारी दर कमी करीत नाही. विजेचे बिल कमी होत नाही. सामान्यतः कपात कातारीकडे सरकते आणि त्याचा सारा वाढावा संपतो. मग पटाशी बदलण्यास वा लेथच्या दुरुस्तीस पैसा उरत नाही. आणखी २५ रुपये घटविल्यास ७५ रुपयांची मजुरी ५० वर, म्हणजे दिवसाची ८०० रुपयांची मजुरी सुमारे ५३३ रुपयांवर येते. एवढ्यासाठी घरातील मुलाने हे काम का शिकावे, या प्रश्नाला मग उत्तर राहत नाही.

खर्च कमी करण्याचा न्याय्य मार्गही आहे. ४० रुपयांच्या पेटीऐवजी १० रुपयांची कापडी पिशवी घेतल्यास ३० रुपये वाचतात. प्रत्येक पेनावर वेगळे नाव न घालता संस्थेचे एकच नाव घातल्यास जुळणीचा वेळ वाचून सुमारे २० रुपये कमी होतात. पेन ४०० रुपयांत मिळते आणि कातारीच्या मजुरीला धक्का लागत नाही.

नावाची जबाबदारी

कोरलेले अक्षर पुसता येत नाही. एका वेलांटीच्या वा जोडाक्षराच्या चुकीने तयार पेन निरुपयोगी होते. म्हणून नावांची यादी तोंडी वा दूरध्वनीवरून न देता लेखी द्यावी. कोरण्यापूर्वीचा मजकूर तपासून त्यावर सही करावी. यादीतील चूक ग्राहकाची आणि यादीबाहेरची चूक कोरणाऱ्याची, असे आधीच ठरलेले असावे. कोणत्याही परिस्थितीत हा भुर्दंड कातारीवर पडू नये. शाळांतील शिक्षकांनी ही तपासणी अंगावर घेतल्यास बरेच नुकसान टळेल.

मागणी आणि रक्कम

५० पेनांसाठी नुसत्या कातकामालाच साडेसदतीस तास, म्हणजे जवळजवळ पाच दिवस लागतात. त्यांच्या धातूच्या भागांसाठी ६,००० रुपये आधीच गुंतवावे लागतात. समारंभाच्या आदल्या आठवड्यात मागणी नोंदविणे म्हणजे घाईचे काम व वाढते नुकसान पदरी घेणे होय. तीन-चार आठवड्यांची मुदत आणि नियमांत बसेल तेवढी आगाऊ रक्कम द्यावी.

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाची रक्कम कराराने ठरलेल्या मुदतीत द्यावयाची असून ती मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी ‘उद्यम’ या नावाने होते. ग्रामसभेच्या वेळी गावातील कारागिरांना याची माहिती देणे पंचायत सदस्यांना सहज शक्य आहे.

सत्काराचे पेन हाती घेणाऱ्यास त्यावर आपले नाव दिसते. ज्याने ते घडविले त्याचे नाव त्यावर कोठेही नसते. त्याच्या श्रमाची नोंद होण्याची एकच जागा आहे, ती म्हणजे खरेदीचा हिशेब. तो नीट मांडला जावा आणि त्याची रक्कम वेळेवर चुकती व्हावी, एवढी काळजी प्रत्येक संस्थेने घेतली पाहिजे.