होडी कोरड्यात जपायची

नांदेड, महाशिवरात्र

चि. भाच्यास,


तुझं पत्र पोचलं. धनेगावच्या धरणावर एका म्हाताऱ्या मच्छीमाराची जुनी लाकडी होडी तू घेतलीस, पावसाळ्याआधी ती दुरुस्त करायची आणि जमलं तर तिला लहानसं शीड लावायचं, असं लिहिलंस. होडी घेतलीस हे चांगलं केलंस. आता ती राखायची कशी, ते सविस्तर लिहितो. पत्र नीट ठेव, कारण यातलं बरंचसं दर वर्षी लागेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की कर. आपल्या मराठवाड्यात होडी पाण्यात बिघडत नाही, कोरड्यात बिघडते. कोकणात होडीचा शत्रू खारं पाणी आणि लाकूड पोखरणारे समुद्री किडे. आपल्याकडे तिचा शत्रू म्हणजे मार्च ते जूनचं ऊन आणि त्या चार महिन्यांत तिच्याकडे झालेलं दुर्लक्ष. 2016 चा उन्हाळा तुला आठवत असेल. धनेगावचं हेच मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. त्या साली होड्या भेगाळलेल्या गाळावर पडून राहिल्या, फळ्या सुकल्या, सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता मांजरा दुथडी भरून वाहिली. ज्यांनी उन्हाळ्यात होडी सांभाळली होती, त्यांचीच तेव्हा पाण्यात उतरली.

आता कामाला लाग. आज-उद्याच होडी गाळावरून काढ. जमिनीला टेकवून ठेवू नकोस, वाळवी लागेल. कडुलिंबाच्या नाहीतर चिंचेच्या दाट सावलीत जाड ओंडक्यांवर हात-दीड हात उंच ठेव आणि आधार बरोबर बरगड्यांच्या खाली दे. नुसत्या फळीखाली आधार दिलास तर फळी आत दबते. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात ती फाटते, खचते, आणि ओंडके कलतात. होडी महिनाभर पीळ खाऊन पडली तर तिचे सांधे जन्मात जुळत नाहीत. म्हणून दर आठवड्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बघ. ताडपत्री घट्ट गुंडाळू नकोस, आतल्या दमटपणानं लाकूड कुजतं. वरून पाचटाचं छप्पर कर आणि दोन्ही बाजूंनी वारा खेळू दे.

मग तपासणी. हातोडीच्या दांड्यानं फळी फळी ठोकत जा. निकोप लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. जिथं बद्द आवाज येईल तिथं टोच्या खुपसून बघ. सहज आत गेला तर समज, ते लाकूड गेलं. गोड्या पाण्यात लाकूड खाऱ्यापेक्षा लवकर कुजतं, कारण मिठानं बुरशीला जो आळा बसतो तो इथं नाही. बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. म्हणून कायम पाण्याखाली राहणारा तळ बऱ्याचदा टिकतो आणि पाण्याच्या रेषेजवळचा भाग, बसायच्या पाटाखालचे कोपरे, फळ्यांची टोकं, पावसाचं पाणी साचून राहतं त्या जागा, या आधी जातात. तिथं जास्त वेळ दे. खिळ्यांभोवती लाकूड काळं पडलं असेल तर तो खिळा आत गंजला आहे. तो काढ, भोक साफ कर, त्यात निकोप लाकडाची खुंटी तेलात बुडवून ठोक आणि नवा जस्त चढवलेला खिळा शेजारी मार, त्याच भोकात नको. तांब्याचे आणि लोखंडाचे खिळे एकाच सांध्यात कधी मिसळू नकोस. ओलीत दोन धातू जवळ आले की लोखंड झपाट्यानं गंजतं.

तळाला आधीच्या मालकानं पत्र्याची ठिगळं मारून वर डांबर फासलंय, असं तू लिहिलंस. ती सगळी उचकट. पत्र्याखालचं लाकूड दिसत नाही, सुकत नाही आणि मुकाट्यानं कुजत राहतं. फळी बदलावी लागली तर सागाची घे. किनवट-माहूरच्या रानातला साग आमच्या नांदेड जिल्ह्यातलाच, पण वखारीतून पावती घेऊनच आण. गाभ्याचं लाकूड घे, कडेचं पांढरट घेऊ नकोस. बरगडीला बाभूळ चालते, मात्र मूळचीच वाकडी फांदी शोध. सरळ लाकूड कापून वाकडं केलं की रेषा तुटतात आणि बरगडी तिथंच मोडते. फळी जोडताना तिरपा सांधा जाडीच्या आठपट लांब धर. एक इंचाची फळी असेल तर आठ इंच. शेजारशेजारच्या फळ्यांचे सांधे एकाच बरगडीवर येऊ देऊ नकोस.

आता फटींचं. इथं घाई करणाऱ्याची होडी हमखास फुटते. सुकलेल्या होडीच्या फटी मोठ्या दिसतात, म्हणून माणूस त्यांत सूत आणि राळ ठासून भरतो. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात, त्यांना फुगायला जागा उरत नाही, आणि मग त्या बरगड्यांना रेटतात, खिळे उपसतात. बैलगाडीचं चाक उन्हाळ्यात सैल झालं की आपले शेतकरी धाव बदलत नाहीत, चाक ओढ्याच्या पाण्यात ठेवतात. तसंच होडीला आधी पाणी पाज. जूनच्या सुरुवातीला आत ओली बारदानं अंथर, सकाळ-संध्याकाळ भिजव. आठ-दहा दिवसांत बहुतेक फटी आपोआप मिटतील. ज्या उरतील त्यांतच सुताची सैल वळी बोथट पटाशीनं बसव, हलक्या हातानं, फळीच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत. वरून राळ आणि तेल एकत्र तापवून भर.

तेलाचंही सांगतो, पण त्याचा क्रम लक्षात ठेव. तेल सुक्या लाकडाला लागतं, म्हणून ते चैत्रातच द्यायचं, भिजवणीच्या कितीतरी आधी. कोकणात उंडीचं तेल वापरतात. आपल्याकडे जवस पिकतो आणि जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट थर धरतं, म्हणूनच ते रंगातही घालतात. शिजवलेलं जवसाचं तेल पातळ हात देऊन दोन-तीन वेळा लाव, प्रत्येक हात पुरता सुकू दे. शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, चिकट राहतं, त्यावर धूळ बसते. आणि हे विसरू नकोस: जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. ती आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळव नाहीतर पाण्यात बुडवून ठेव.

फायबरचा थर द्यावा का, असं विचारलंस. या होडीला नको. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी नौदलासाठी 56 फुटी ‘म्हादेई’ बांधली, तीही लाकडाच्या पट्ट्यांवर फायबर चढवून. तिच्यातून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले आणि 2012-13 मध्ये अभिलाष टॉमींनी तीच प्रदक्षिणा कुठंही न थांबता केली. पण ते लाकूड नवं, नीट सुकवलेलं आणि आतून-बाहेरून बंद केलेलं होतं. तुझ्या होडीच्या लाकडात वर्षानुवर्षांचं पाणी मुरलंय. त्यावर बाहेरून फायबर दिलंस तर ओल आत कोंडेल आणि होडी वरून चकाचक, आतून भुसा होईल. दोंदेंकडून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. होडी बांधली जात होती तेव्हा ते तिथं राबले, म्हणून भर समुद्रात तिचा कुठला भाग कसा बसवला आहे हे त्यांना ठाऊक होतं. तूही सुताराला काम देऊन घरी येऊ नकोस. त्याच्याजवळ बस, प्रत्येक खिळा बघ, वहीत लिहून ठेव.

शिडाचा विचार चांगला आहे. धनेगावच्या पाणपसाऱ्यावर वारा मिळतो आणि इंजिनाचं तेल वाचेल. पण पहिली दोन वर्षं थांब. कोकणातल्या मचव्याला खोल कणा असतो, तो पाण्याला धरून ठेवतो, म्हणून परबाणावरचं, म्हणजे तिरप्या आडकाठीवरचं, मोठं शीड त्याला पेलतं. तुझी होडी सपाट तळाची. शीड भरलं की ती पुढं जाण्याऐवजी आडवी सरकेल, म्हणून बाजूला खाली सोडायची फळी लागेल. डोलकाठीचा सगळा भार बसायच्या पाटावर नको, तो तळाच्या कण्यावर आणि दोन-तीन बरगड्यांवर वाटला गेला पाहिजे. जुन्या होडीत त्या बरगड्या आधी भरवशाच्या व्हायला हव्यात. शीड लावशील तेव्हा ते एका हातानं, एका दोरानं खाली येईल असंच लाव. वळीव आधी धूळ दाखवतो आणि लगेच अंगावर येतो, गाठ सोडायला वेळ देत नाही. नायलॉनचा दोर उन्हानं वरून पांढुरका, खरखरीत झाला की बदल. धरून ओढला तर शाबूत वाटतो, पण झटक्याला तुटतो.

एवढी मेहनत एका जुन्या होडीसाठी का, असं कुणी विचारेल. 2025 च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातल्या हसनाळमध्ये रात्रीतून पाणी शिरलं, ते आपण पाहिलं. इथं नांदेडात पैठणच्या धरणातून पाणी सुटलं आणि विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की गोदावरीकाठच्या वस्त्यांत धावपळ होते. बचावपथक येतं, पण त्याला रस्ता कापून यावं लागतं. तोवर गावात जी होडी असेल तीच कामाची. तेव्हा ती गळकी निघाली तर दुरुस्तीला वेळ नसतो. आणि अशा वेळी लोक एकाच बाजूनं चढतात, म्हणून होडीत किती माणसं घ्यायची हे आजच ठरव, आतल्या बाजूला रंगानं लिही आणि कुणी कितीही गयावया केली तरी त्या आकड्यापुढं जाऊ नकोस. तेवढ्यांना काठावर सोड आणि परत ये. दोन फेऱ्यांत सगळे वाचतात, एका जास्तीच्या माणसानं सगळे बुडतात. अंगात घालायची तरंगती जाकिटं होडीतच ठेव, घरात नको.

पाडव्यानंतर मी येतो. तोवर पत्रे उचकटून ठेव, होडीची लांबी-रुंदी आणि खराब फळ्यांची मापं लिहून पाठव, म्हणजे इथून लाकूड बघून आणता येईल. पुढच्या वर्षी हीच कामं, याच क्रमानं, मी नसलो तरी तुझी तू करायची आहेस, म्हणून वही आजपासूनच सुरू कर.

तुझा,
मामा