पेंढ्याचे खत आणि वाडीची एकी

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंद थेरांना ५०० चीवरे दान केली. इतक्या चीवरांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची जीर्ण झाली त्या भिक्खूंना वाटू, असे थेर म्हणाले. मग जीर्ण चीवरांचे? त्यांची आच्छादने, पुढे गादीच्या खोळी, अंथरणे, पायपुसणी, फडकी. आणि अखेर चिंध्या चिखलात कालवून जमीन सारवायची. काहीही वाया गेले नाही, कारण ते संघाचे होते.

मंडणगडच्या डोंगरउतारावरील शेतीला हा धडा लागू पडतो. मुसळधार पावसात जांभ्या मातीतील सत्त्व वाहून जाते. ते परत देणारा पेंढा, तूस आणि पातेरा मात्र पुष्कळदा जाळला किंवा टाकला जातो. पेंढ्यात पालाश आणि सिलिका भरपूर असते. म्हणूनच कोकणात प्रसारित झालेल्या चारसूत्री भातलागवडीचे पहिले सूत्र पिकाच्या अवशेषांचा फेरवापर हे आहे. पहिल्या नांगरटीच्या वेळी गुंठ्याला सुमारे २० किलो पेंढा गाडावा. रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळावी. लावणीपूर्वी गिरिपुष्पाचा पाला गाडणे हे दुसरे सूत्र.

हे ठाऊक असूनही हात का धजत नाही? कारण हे काम एका घराचे नाही. कापणीनंतर मोकाट गुरे कोणाचेही शेत ओळखत नाहीत. शेजारच्या बांधावरचा वणवा रचलेला पातेरा क्षणात भस्म करतो. तरुण मुंबईला, घरी वृद्ध. पाला वाहायचा कोणी? शिवाय वडीलधाऱ्यांनी पारखलेला राब सोडून रोपे फसली, तर वर्षाचे भात जाते आणि वर हसे होते. हीच नवी रीत चार शेजाऱ्यांनी आपापल्या एका कोपऱ्यात करून पाहिली, तर धोका वाटला जातो आणि धीर वाढतो.

एकीचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. खोताच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाला माती पोसण्याची उमेद कोठून येणार? बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे हेच दुःख होते. आजही अर्धेलीने कसणाऱ्यास जमीन काही वर्षे हाती राहील याची खात्री हवी. सामुदायिक श्रमही पाळीपाळीने, समान वाट्याने व्हावेत. वेठीची सावली त्यांवर पडू नये.

बुद्धपौर्णिमेला चाकरमानी गावी येतात, तेव्हा विहारातील सभेत तीन गोष्टी ठरवाव्यात: गुरे कधीपर्यंत बांधायची, वणव्यावर पहारा कोणी द्यायचा आणि भातगिरणीतील तूस कसे वाटून घ्यायचे. आपल्या शाळेत शिकून शहरात गेलेल्यांनी सुट्टीतले दोन दिवस पाला वाहण्यास दिले, तरी वृद्धांच्या शेताला मोठा आधार होईल. जे सर्वांचे मानले जाते, ते टाकाऊ उरत नाही.