घर तारण ठेवायच्या आधी

अगं, बँकेने कर्जाला नाही म्हटलं ही गोष्ट तू इतके दिवस मनात ठेवलीस, त्याचंच मला जास्त लागलं. यात लाजण्यासारखं काही नाही. करोनात पानशेतला येणारे पर्यटक थांबले, टेम्पोचे हप्ते तुंबले, मग फायनान्सवाल्यांशी तडजोड करून तुम्ही खातं मिटवलं. वेल्ह्यात, भोरमध्ये अशी घरं कितीतरी निघतील. आता घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढायच्यात, हातात पैसा नाही, म्हणून घरच तारण ठेवावं असं तुझ्या मनात आलंय. थोरली म्हणून स्पष्ट सांगते, आत्ता नको. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब असताना घर पुढे केलं की समोरचा घराचीच किंमत बघतो, तुझी फेडायची ताकद बघत नाही. तिथेच बाई अडकते.

सिबिलचा आकडा 300 ते 900 च्या मध्ये असतो. साधारण 750 च्या पुढे असला की बँका नीट बोलतात. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या ही नोंद ठेवतात, आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तेव्हा पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नकोस. 'सिबिल साफ करून देतो' म्हणणाऱ्याकडे तर अजिबात नको. खरी असलेली नोंद कोणालाच पुसता येत नाही.

रिपोर्ट हातात आला की टेम्पोच्या खात्यापुढे काय लिहिलंय ते बघ. मला वाटतं 'सेटल्ड' असेल. म्हणजे कंपनीने काही रक्कम सोडून दिली, आणि पुढच्या प्रत्येक बँकेच्या डोळ्यांत तेच खुपतं. सोडलेली रक्कम किती होती ते विचार, जमेल तशी भर, नो ड्यूज सर्टिफिकेट घे आणि खातं 'क्लोज्ड' दाखवायला लाव. तुम्ही कोणाला जामीन राहिला असाल तर त्याची थकबाकीही तुमच्या रिपोर्टात दिसू शकते, तीही तपास. एखादी नोंद चुकीची असेल तर लेखी तक्रार कर. 30 दिवसांत तिचा निकाल लागला नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. आणि या काळात पाच ठिकाणी अर्ज टाकत फिरू नकोस. प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि आकडा आणखी घसरतो.

थांबायला का सांगते, तो हिशेब ऐक. समज, 5 लाख 10 वर्षांसाठी घेतले. व्याज 10 टक्के असेल तर हप्ता साधारण 6,600 रुपये. खराब सिबिलमुळे तोच दर 16 टक्के लागला तर हप्ता 8,375 च्या घरात. दहा वर्षांत दोन लाखांच्या वर फरक पडतो. त्यात पुन्हा तुझी कमाई पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारची, धरण भरलं की लोक येतात आणि कणसं, भजी, जेवण खपतं. हप्ता मात्र बारा महिने एकाच तारखेला.

आता घराचे कागद. तू म्हणालीस, नमुना 8 चा उतारा आहे. तो ग्रामपंचायतीने घरपट्टीसाठी ठेवलेला उतारा आहे. एवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही आणि बँकही भागवून घेत नाही. गावठाणातल्या घराला आता मालमत्ता पत्रक मिळतं. ते देणारी केंद्राची स्वामित्व योजना 2020 मध्ये सुरू झाली, पण गावठाणाची ड्रोनने मोजणी त्याआधी आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुरंदरमधल्या सोनोरीत झाली होती. तुमच्या गावाची मोजणी होऊन पत्रक तयार आहे का, ते भूमी अभिलेख कार्यालयात विचार. तुमचं घर तर धरणात जुनं गाव गेल्यावर वर सरकून बांधलेलं. जागा नेमकी कोणाच्या नावावर, पुनर्वसनाची असेल तर भोगवटादार वर्ग 2 आहे का, विकायला-गहाण ठेवायला परवानगी लागते का, हे आधी बघ. सासऱ्यांच्या पश्चात वारसनोंद झाली नसेल तर ती करून घे. दीर-नणंदांची संमती नसेल तर बँक दारातूनच परत पाठवेल. खोल्या शेतजमिनीवर काढणार असशील तर तिथे बांधायला काय परवानगी लागते ते पक्कं केल्याशिवाय कर्जाचा विचारही नको. आणि हे सगळं करताना घरावर तुझंही नाव लावून घे. नवऱ्यावर विश्वास नाही म्हणून सांगत नाही, कर्जावर तुझी सही घेतात तर घरावर तुझं नाव का नको?

सगळ्यात जास्त जीव तोडून सांगायची गोष्ट ही. पानशेत-वेल्ह्याच्या रस्त्याला पुण्याचे लोक फार्महाऊससाठी जागा शोधत हिंडतात, हे तू रोज बघतेस. अशा ठिकाणी एखादा गोड बोलणारा येतो. म्हणतो, 'सिबिलची भानगड नको, दोन दिवसांत पैसे देतो, फक्त विश्वासाला खरेदीखत करून द्या, पैसे फेडले की परत तुमच्या नावावर करू.' गहाणखत वेगळं आणि खरेदीखत वेगळं, बाई! खरेदीखतावर सही केलीस की कागदोपत्री घर विकलंस. परत करायचं आश्वासन तोंडीच राहतं. 2014 च्या सावकारी कायद्यात परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. अशी बळकावलेली मालमत्ता, व्यवहाराला 15 वर्षं झाली नसतील तर, जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून परत मिळू शकते. परवानाधारक सावकारालाही तारणावर शेतकऱ्याकडून वर्षाला 9 आणि इतरांकडून 15 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. कोणी महिन्याला पाच टक्के म्हणाला तर वर्षाचे साठ होतात, तिथेच उठून ये. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते.

रिपोर्ट सुधारल्यावर बँकेकडून तारण कर्ज घेतलंस तरी दोन गोष्टी माग. एक, 'की फॅक्ट स्टेटमेंट'. व्याज, फी, विमा सगळं धरून वर्षाचा खरा दर त्यात लिहावा लागतो, आणि तुला समजणाऱ्या भाषेत. दुसरं, फेड झाल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. आणि हप्ते 90 दिवस थकले की खातं बुडीत धरतात, मग सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस येते. शेतजमिनीला तो कायदा लागत नाही, घराला लागतो. सहकारी बँकांनाही लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मुरगूडच्या बँकेच्या खटल्यात सांगितलंय. ती नोटीस आलीच तर कपाटात ठेवू नकोस, लगेच लेखी उत्तर द्यायचं.

तोवर एकच खोली काढ. तिच्यासाठी बचत गटाचं कर्ज बघ, नाहीतर सोनं ठेव. सोनं तारण असलं की सिबिलला फारसं महत्त्व देत नाहीत, आणि वेळ वाईट आलीच तर दागिना जाईल, छप्पर राहील. रोजचा गल्ला बँकेत भरत जा, पुढच्या अर्जाला तोच तुझ्या कमाईचा पुरावा होईल. रिपोर्ट काढलास की मला पाठव, आपण ओळ न् ओळ वाचू. आणि घराच्या कुठल्याही कागदावर, कोणीही कितीही घाई केली तरी, मला फोन केल्याशिवाय सही करू नकोस.