पडद्यावरील खिडक्यांची व्यवस्था : तीन रचनांची तुलना

संगणकाच्या पडद्यावर एकाच वेळी अनेक चौकटी उघडतात. एकीत मजकूर, दुसरीत चित्र, तिसरीत हिशेब. ह्या चौकटींना खिडक्या म्हणतात, व त्या कोणी कोठे मांडावयाच्या, कळफलकावर दाबलेले अक्षर कोणत्या खिडकीकडे पाठवावयाचे, हे ठरविणाऱ्या यंत्रणेस खिडकी-व्यवस्था म्हणतात. वर्गात संगणक अडला की आपण सरसकट ‘संगणक बंद पडला’ असे म्हणतो आणि वीज तोडतो. वस्तुतः काय पडले आणि काय उभे आहे, हे त्या व्यवस्थेच्या रचनेवर अवलंबून असते.

प्रथम ‘एक्स’ ही व्यवस्था घेऊ. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९८४ साली रॉबर्ट शायफ्लर व जिम गेटिस यांनी ती सुरू केली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये निघाली व तीच आजवर चालत आली. तेथील ‘अथेना’ प्रकल्पात निरनिराळ्या कारखान्यांचे संगणक एकत्र चालवावयाचे होते. म्हणून अशी योजना केली की खडू एकाच्याच हाती असावा. फळ्यावर तोच लिहील. बाकीच्या आज्ञावल्यांनी ‘येथे रेघ काढ, तेथे अक्षर लिही’ अशा चिठ्ठ्या त्याच्याकडे पाठवाव्यात, मग चिठ्ठी त्याच यंत्रातून येवो की तारेने दूरच्या यंत्रातून. खिडक्यांना कडा व शीर्षपट्टी देणारा व्यवस्थापकही येथे निराळी आज्ञावलीच असतो. तो पडला तर शीर्षपट्ट्या नाहीशा होतात, पण लिहिलेला मजकूर जागच्या जागी राहतो व व्यवस्थापक पुन्हा सुरू करता येतो. टिकाऊपणाच्या दृष्टीने हा गुण मोठा आहे. मात्र खडू धरणाराच कोसळला तर सर्व आज्ञावल्या त्याच्याबरोबर जातात.

एक्सचा खरा दोष विश्वासाचा आहे. एकदा आत आलेली कोणतीही आज्ञावली दुसरीच्या खिडकीतील अक्षरे व कळफलकावर दाबलेला सांकेतिक शब्दही टिपू शकते. पडद्याला कुलूप लावणारी आज्ञावलीसुद्धा इतरांसारखीच एक. ती पडली की पडदा उघडा!

‘वेलँड’ ही व्यवस्था क्रिस्तियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये आरंभिली. ते स्वतः एक्सवर काम करणारे होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तोपर्यंत बहुतेक आज्ञावल्या आपले चित्र स्वतःच पूर्ण करून एक्सकडे देऊ लागल्या होत्या. चिठ्ठ्यांचे काम नावापुरते उरले होते. वेलँडमध्ये प्रत्येक मूल आपल्या पाटीवर लिहिते व वर्गनायक त्या पाट्या भिंतीवर मांडतो. एकाला दुसऱ्याची पाटी दिसत नाही. कुलपाची आज्ञावली पडली तरी, वर्गनायकाने ती सोय पाळलेली असल्यास, पडदा बंदच राहतो. परंतु येथे खडू धरणारा व व्यवस्थापक एकच झाले आहेत. त्यामुळे एक्समध्ये जो अपघात क्षुल्लक होता तो येथे सर्वनाशक ठरतो : वर्गनायक पडला की बहुधा सगळ्या पाट्या फुटतात. २०२४ मध्ये निघालेल्या केडीई प्लाझ्मा ६ मध्ये, वर्गनायक पुन्हा उभा राहीपर्यंत निदान काही आज्ञावल्या तग धरतील अशी तजवीज झाली आहे. गुप्ततेच्या बाबतीत वेलँड निःसंशय सरस आहे; पडझड सोसण्याच्या बाबतीत एक्सची विभागणी अधिक शहाणपणाची होती असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तिसरी रचना मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीची. १९९३ च्या पहिल्या आवृत्तीत खिडक्यांचे काम संगणकाच्या गाभ्याबाहेर होते. प्रत्येक कामासाठी गाभ्यात ये-जा करावी लागे व वेग मंदावे, म्हणून १९९६ च्या चौथ्या आवृत्तीत ते गाभ्याच्या आत नेले. खिडक्यांचा विभाग पडला तर यंत्र तसेही निरुपयोगीच होते, असा कंपनीचा युक्तिवाद होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. पण चित्रांच्या यंत्रचालकातील एखादी चूकही मग सबंध यंत्र पाडू लागली. पुढे २००७ मध्ये विक्रीस आलेल्या व्हिस्टात त्या चालकाचा मोठा भाग पुन्हा बाहेर काढला गेला, आणि चित्रयंत्राने साधारण २ सेकंदांत उत्तर न दिल्यास त्यालाच नव्याने सुरू करण्याची सोय झाली.

तेव्हा वर्गात संगणक अडल्यास शिक्षकांनी आधी माउसचा बाण हलतो का ते पाहावे. तो हलत असून एकच खिडकी निश्चल असेल, तर दोष बहुधा त्या आज्ञावलीचा असतो. तेवढीच बंद करावी. विंडोजवर सर्वच पडदा गोठला, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी ह्या चार कळा एकत्र दाबाव्यात. चित्रांचा चालक नव्याने सुरू होतो व उघडलेल्या आज्ञावल्या सहसा तशाच राहतात. लिनक्सवर कंट्रोल, ऑल्ट व एफ ३ दाबून अक्षरांचा साधा पडदा आला, तर गाभा जिवंत आहे असे समजावे, आणि तेथून यंत्र रीतसर बंद करावे. दोन्हींचा उपयोग झाला नाही, तरच वीज तोडावी.