खुराड्याची कडी

बार्शी

चि. बाळास,


परवा तुझा फोन आला तेव्हा तव्यावर भाकरी होती, बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. सुताराकडे किंवा जाळी आणायला जाशील तेव्हा हा कागद खिशात असू दे.

सोनारीच्या परड्यात पुन्हा कोंबड्या येणार हे ऐकून मला फार बरं वाटलं. तुझी आजी अंड्यांचे पैसे उतरंडीच्या मधल्या मडक्यात ठेवायची. त्याला घरात कुणी हात लावायचं नाही, तुझ्या आजोबांनीसुद्धा नाही. माझी सातवीची पुस्तकं त्याच मडक्यातून आली. त्यामुळे कोंबड्यांचं काम मला कधी किरकोळ वाटलं नाही, आणि तूही ते किरकोळ समजून करू नकोस.

तू म्हणालास, पिल्लं बघून ठेवलीत, खुराडं सवडीनं करू, तोवर डालग्याखाली राहतील. असं करू नकोस. आधी खुराडं, मग पिल्लं. माझं लग्न झाल्यावर तिसऱ्या वर्षी मी घाईनं एक खुराडं उभं केलं होतं. चारी बाजूंनी ती षटकोनी भोकांची पातळ जाळी लावली. दिसायला छान दिसलं. एका रात्री कुत्र्यांनी खालची कड दातांनी ओढून फाडली. सकाळी नऊ कोंबड्यांची पिसं अंगणभर पडलेली. एक तेवढी वाचली, ती वर वाशावर चढून बसली होती. खाली उतरवायला गेले तर माझ्या हातात थरथरत राहिली, ती थरथर अजून आठवते. ती जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. एवढंच मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

म्हणून पैसे कमी असतील तर रंगावर, पत्र्याच्या देखणेपणावर वाचव. रात्रीच्या खुराड्यावर वाचवू नकोस. कोंबडीला अंधारात दिसत नाही. दिवसा ती पळेल, उडेल, ओरडेल, पण दिवेलागणीनंतर बसली की बसली. तेव्हा तिचं रक्षण तू केलंस तेवढंच.

आता मापं सांगते. बारा कोंबड्यांना खुराडं सहा बाय चार फुटांचं पुरे, म्हणजे एकीला दोन चौरस फूट. पुढची बाजू साडेपाच फूट, मागची साडेचार, म्हणजे पाणी मागे ओघळून जाईल. लांबी पूर्व-पश्चिम ठेव, उन्हाची तिरीप लांब भिंतींवर कमी पडेल. तळ जमिनीपासून दोन फूट उंच घे. खाली सावली होते, दुपारी कोंबड्या तिथंच धुळीत लोळतात. त्या धुळीत चुलीची राख मिसळून टाकत जा, पिसवा कमी होतात. भिंतीच्या वरच्या हातभर भागात फक्त जाड जाळी ठेव, फळी मारू नकोस. कोंदट खुराड्यात विष्ठेचा उग्र वास डोळ्यांना झोंबतो आणि कोंबड्या शिंकायला लागतात. तुझं नाक आत घालून बघ. तुला झोंबलं तर तिलाही झोंबतंय.

आत बसायला दांड्या हव्यात. कोंबडीचं मूळ रानातलं. लाल रानकोंबडा अजूनही रात्री झाडावर झोपतो. घरची कोंबडीही उंच जागा शोधते ती त्याच सवयीनं. लिंबाच्या मनगटाएवढ्या दोन दांड्या घे, साल काढून गुळगुळीत कर, कारण सालीच्या फटीत पिसवा घर करतात. दोन्ही एकाच उंचीला बसव. एक वर, एक खाली ठेवलीस तर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी मारामारी. एका कोंबडीला आठ बोटं नव्हे, आठ इंच जागा धर. अंडी घालायला फळांच्या लाकडी पेट्या तीन पुरेत, फूटभर रुंद, दांडीपेक्षा खाली, अंधाऱ्या कोपऱ्यात. तेलाचे डबे वापरू नकोस, आपल्या उन्हाळ्यात ते तापून निघतात. तळाला शेंगांची टरफलं किंवा गव्हाचा भुसा चार बोटं घाल आणि दर आठवड्याला खालवर कर. ओलं झालेलं लगेच काढून उकिरड्यावर टाक, शेताला सोनं आहे ते.

बाहेरचं फिरायचं आवार पंधरा बाय आठ फुटांचं कर. इथं खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंच भोकांची वेल्डमेश जाळीच लाव, वर हवी तर साधी जाळी. लोक सांगतात की जाळी फूटभर जमिनीत गाड. आपल्या परड्यात काळी माती आहे, हे विसरू नकोस. पावसात ती फुगते, वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मुंगूस नेमकं त्या भेगेतून येतं. त्यापेक्षा दीड फूट जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसर, कडेला वळवून मुख्य जाळीला तारेनं शिव आणि वर दगड मांड. खणणारं जनावर भिंतीलगत उकरतं, त्याच्या पंजाखाली जाळीच लागते. खांब मात्र मुरूम लागेपर्यंत खोल घाल, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात कलतील.

वरून झाकायला विसरू नकोस. घार तर आहेच, पण सोनारीत माणसापेक्षा माकडांची चिंता जास्त. भैरवनाथाच्या देवळापासून ती कौलांवरून, पत्र्यांवरून येतात. त्यांना कुणी मारायचं नाही, गावानं त्यांना आपलं मानलंय आणि मलाही ते बरोबर वाटतं. पण अंडी दिसली तर ती सोडायची नाहीत. साधी सरकती कडी त्यांना उघडता येते, आपल्या स्वयंपाकघराची उघडलेली मी पाहिली आहे. कडी-कोयंडा लाव आणि कोयंड्यात छोटं कुलूप घाल. अंडी दिवसातून दोनदा गोळा कर. आवारावर जाड जाळी आणि मधे दोन आडवे वासे टाक, माकडांनी उडी मारली तर जाळी खाली बसू नये.

उन्हाळ्याचं आता नीट ऐक. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः चोच उघडून, धापा टाकून अंग थंड करते. तिच्या अंगाचंच तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. आपल्याकडे मे महिन्यात हवा तेवढीच तापली की तिला उष्णता टाकणं फार अवघड जातं. पत्र्यावर उसाचं पाचट किंवा कडबा हातभर जाड घाल, वरून दोरीनं बांध. दुपारी त्यावर पाणी शिंपड. पत्रा वरून चुन्यानं पांढरा केलास तरी पुष्कळ फरक पडतो. पाण्याचं भांडं मातीचं, सावलीत, दोन ठिकाणी ठेव. दाणे भर दुपारी घालू नकोस, पहाटे आणि संध्याकाळी घाल.

कोणत्या कोंबड्या घेऊ, असं तू विचारलंस. गिरिराज वजनाला भारी, वर्षाला १३० ते १५० अंडी देते. पण तिला उडता येत नाही आणि ती खुडूकही बसत नाही. देशी कोंबडी ५०-६० अंडीच देते, पण कुत्रं दिसताच झाडावर जाते, आणि स्वतः एकवीस दिवस बसून पिल्लं काढते. माझा कौल देशीला. हवी तर सहा देशी, सहा सुधारित घे, हाताला अनुभव येईल.

मानमोडीची लस चुकवू नकोस. पहिल्या आठवड्यात लासोटाचे थेंब डोळ्यात घालतात, आठव्या आठवड्याच्या सुमारास पुढची लस, मधे देवीची. एका कुपीत पुष्कळ डोस असतात आणि उघडली की लगेच संपवावी लागते. म्हणून आळीतल्या सगळ्या घरची पिल्लं एका दिवशी एकत्र कर. आणायला जाताना बर्फाचा डबा बरोबर ने, गरम झालेली लस पाण्यासारखी. बाहेरून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळ्या डालग्यात ठेवल्याशिवाय आत सोडू नकोस. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा आला तो २००६ साली आपल्या राज्यातल्या नवापुरात, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला कोंबड्या पटापट मेल्या. मुरुंबा मराठवाड्यातच आहे, दूर कुठं नाही. एकदम चार-पाच मेल्या तर पुरून गप्प बसू नकोस, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी कळव. मेलेल्यांना उघड्या हातानं शिवायचंही नाही.

सुताराला दारं दोन सांग, एक कोंबड्यांचं छोटं आणि एक तुझं. तुझं एवढं मोठं हवं की टोपलं घेऊन आत वाकता येईल. नाहीतर सफाई होत नाही, मग तू टाळतोस, मग वास सुटतो. रात्री दार लावायचं काम एकाच माणसानं पत्करावं. दोघांवर टाकलंस की दोघांनाही वाटतं दुसऱ्यानं लावलं असेल. आमच्याकडे ते मीच लावते, जेवायला बसायच्या आधी, आणि कुलूप ओढून बघते.

खांब रोवले की कळव. माझ्या दोन कोंबड्या खुडूक होत्या, एक आता बसली आहे, पिल्लं निघून आठ-दहा दिवसांची झाली की आईसकट डालग्यात घालून घेऊन येईन. तोवर जाळीची कड दगडाखाली गेली पाहिजे.

तुझी आत्या