वाळूचा जमाखर्च

वादळ येऊन गेले की ‘समुद्राने किनारा खाल्ला’ असे आपण ऐकतो. समुद्र खरोखर वाळू खातो काय? तसे असते, तर एकही पुळण शिल्लक राहिली नसती. मग ही वाळू जाते कोठे?

वादळात एकामागून एक येणाऱ्या उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात. थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध तयार होतो. पुढच्या मोठ्या लाटा या बांधावरच फुटतात. म्हणजे पुळण स्वतः झिजून मागच्या वस्तीचे रक्षण करते. समुद्र शांत झाला की लहान लाटा बरीचशी वाळू हळूहळू परत आणतात.

वाळूचा दुसरा प्रवास किनाऱ्याच्या कडेने चालतो. तिरकी येणारी लाट वाळूचे कण तिरके वर चढवते. परतणारे पाणी मात्र उतारावरून सरळ खाली येते. त्यामुळे प्रत्येक लाटेगणिक कण थोडे पुढे सरकतात. चेन्नईच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी काळात वाळू उत्तरेकडे जाते, तर ईशान्य मोसमी काळात दक्षिणेकडे. वर्षाचा हिशेब केला, तर उत्तरेकडे जाणारी वाळू अधिक भरते.

१८७६ साली तेथे, म्हणजे तेव्हाच्या मद्रासला, बंदरासाठी समुद्रात भिंती बांधण्यास सुरुवात झाली. १८८१ च्या चक्रीवादळाने त्यांची मोडतोड केली. त्या पुन्हा उभारल्या गेल्या. या भिंतींनी वाळूची वाट अडवली. दक्षिणेस वाळू साचून मरीना पुळण रुंद झाली. उत्तरेस, रायपुरमच्या बाजूला, नवी वाळू येईना. लाटा मात्र असलेली वाळू नेतच राहिल्या. जमा थांबली, खर्च चालूच!

याची झळ मच्छीमारांना बसली. पुळण हे त्यांचे अंगण. होड्या ओढून ठेवणे, जाळी दुरुस्त करणे, मासळी वाळवणे ही कामे तेथेच चालतात. तमिळ भाषेत ‘कट्टुमरम’ म्हणजे बांधलेली लाकडे. ओंडके बांधून केलेला हा पारंपरिक तराफा थेट पुळणीवर लागतो. त्याला धक्क्याची नव्हे, वाळूची गरज असते. दगडांचे बंधारे घातल्याने रस्ते व घरे वाचतात, पण होडी लावायला जागा उरत नाही. शिवाय वादळात झिजायला पुळणच नसल्याने लाटा सरळ बंधाऱ्यावर आदळतात.

यावर एक उपाय म्हणजे अडलेली वाळू पलीकडे पोचवणे. विशाखापट्टणमला बंदरातून उपसलेली वाळू शहराच्या पुळणीवर टाकण्यात आलेली आहे.

करून पाहा : एका पसरट ट्रेमध्ये लांब बाजूला ओल्या वाळूचा उतार करा व पाणी ओता. उताराच्या मध्यावर, पाण्यात शिरेल अशी, एक आडवी पट्टी रोवा. दुसऱ्या पट्टीने एका कोपऱ्यातून सावकाश तिरक्या लाटा उठवा. काही वेळाने रोवलेल्या पट्टीच्या दोन्ही बाजू पाहा.

विचार करा : तुमच्या जवळच्या किनाऱ्यावर धक्का किंवा बंधारा आहे काय? त्याच्या कोणत्या बाजूस पुळण रुंद आहे? दुसऱ्या बाजूस कोण राहते?